वाळवंटातील लाल ब्लेंड कसे चाखावे: विलकॉक्सच्या एका बाटलीविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा होता. फिनिक्सला राहणाऱ्या आपल्या भाच्याने मार्चमध्ये येताना अॅरिझोनातील विलकॉक्सच्या एका लहान वायनरीच्या लाल वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. सिरा, ग्रनाश आणि मूर्वेद्र या तीन द्राक्षांचे ते ब्लेंड, साल २०१९, मद्यार्क १४.८ टक्के. त्यातली एक बाटली आपण मेअखेरीस मुलुंडच्या घरी चार जणांत उघडलीत आणि ती सर्वांना गुळाच्या पाकासारखी, जड आणि घशाला जाळणारी वाटली. वाळवंटात द्राक्षे लावली की असेच होणार, असा निकालही एका पाहुण्यांनी दिला. दुसरी बाटली उघडावी की कोणाला देऊन टाकावी, आणि उघडायची तर ती चाखावी कशी, असे आपण विचारले होते. पुढे जूनच्या पहिल्या आठवड्यात आपण आणि वहिनी ती दुसरी बाटली घेऊन दादरला माझ्याकडे आलात आणि आपण तिघांनी ती सावकाश, तीन तास चाखली. त्या संध्याकाळी बोलण्याच्या ओघात बरेच काही राहून गेले. वाइन चाखायला शिकवण्याचे काम मी या शहरात वीस वर्षांहून अधिक काळ करते आहे आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यापुढे येत असतो, म्हणून उत्तर सविस्तर लिहिते.

प्रथम पहिल्या बाटलीविषयी. ती बिघडली मुंबईत, आपल्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर. मार्चपासून मेअखेरपर्यंत ती तेथे आडवी पडून होती. या दिवसांत बाहेर ३३-३४ अंश असले तरी छताला लागून, गॅसच्या वरच्या अंगाला असलेला माळा दुपारी त्याहून बराच अधिक तापतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. बूच किंचित वर सरकले होते आणि त्याच्या कडेने लाल ओघळ वरपर्यंत गेला होता, असे वहिनींनी सांगितले तेव्हाच माझी खात्री पटली. वाइन तापली की फुगते, बूच ढकलते, आणि रात्री थोडी निवली की बुचाच्या कडेने हवा आत ओढून घेते. असे दोन-अडीच महिने रोज घडले, तर ताज्या फळाचा वास निघून जातो आणि मनुका, मुरांबा, काकवी यांचा वास मागे उरतो. त्यात भर म्हणून आपण ती वाइन खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३१ अंशांना ओतलीत. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम ज्या देशांत रूढ झाला, तेथील खोल्या १६ ते १८ अंशांच्या होत्या. ३१ अंशांना १४.८ टक्के मद्यार्काची वाफ नाकात सर्वांत आधी शिरते आणि तिच्या मागचे काही कळेनासे होते. घशाची आग ती हीच.

दुसरी बाटली माळ्यावर जागा नव्हती म्हणून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात राहिली. एकाच वायनरीची, एकाच पिंपातली, एकाच विमानाने आलेली आणि केवळ ठेवण्याच्या जागेत फरक असलेली बाटल्यांची जोडी फार क्वचित हाती लागते. आपल्या पाहुण्यांचा निकाल चुकीचा होता हे त्या दुसऱ्या बाटलीनेच दाखवून दिले.

आता वाळवंटाविषयी. या शब्दाने डोळ्यांपुढे वाळूचे ढिगारे येतात आणि त्यामुळे फसगत होते. विलकॉक्स हा सोनोरा आणि चिवावा या दोन वाळवंटांच्या मधला उंच, सपाट माळ आहे. तेथील द्राक्षमळे समुद्रसपाटीपासून साधारण ४,००० ते ५,००० फुटांवर आहेत. आपले महाबळेश्वर सुमारे ४,५०० फुटांवर आहे, आणि नाशिक सुमारे २,००० फुटांवर. म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीवर, पण महाबळेश्वरच्या पावसाच्या अगदी थोड्या अंशावर, कोरड्या हवेत द्राक्षे पिकतात असे डोळ्यांपुढे आणावे. तेथे वर्षाचा पाऊस सुमारे ३०० ते ३५० मिलिमीटर पडतो. मुंबईत जुलैच्या एखाद्या मुसळधार दिवशी एवढा पाऊस एकाच दिवसात पडलेला आपण पाहिला आहे.

या उंचीचा आणि कोरडेपणाचा एकत्रित परिणाम रात्री दिसतो. मुंबईत हवेतील दमटपणा दिवसाची उष्णता रात्रभर धरून ठेवतो, म्हणून आपल्याकडे मध्यरात्रीही घाम येतो. विलकॉक्सच्या कोरड्या हवेत उष्णता धरून ठेवायला काही नसते. दिवसा ३५ अंश असले तरी पहाटे १५-१८ अंशांपर्यंत उतरते. द्राक्षमणी पिकत असताना त्यातील मॅलिक आम्ल वेल श्वसनासाठी वापरते, आणि रात्र जितकी उष्ण तितके हे आम्ल लवकर संपते. रात्र थंड असली की दिवसा साखर भरत जाते आणि रात्री आम्ल राखले जाते. म्हणून उष्ण प्रदेशातील वाइन चाखताना मी विद्यार्थ्यांना एकच गोष्ट आग्रहाने सांगते: पेल्यात ऊन शोधू नका, ते पहिल्याच घोटात आपोआप सापडेल, रात्र सापडते का ते पाहा. जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटते का, घोट गिळल्यावर तोंड ताजे राहते की चिकट होते, फळाचा वास करवंदाचा आहे की करवंदाच्या मुरांब्याचा, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की ती वाइन कशा मळ्यातून आली आहे याचा बराचसा उलगडा होतो.

उंचीचा दुसरा परिणाम सालीवर होतो. दर १,००० मीटर उंचीमागे अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. या किरणांपासून बचाव म्हणून द्राक्षमण्याच्या सालीत रंगद्रव्ये आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, अधिक साठते. आपल्या बाटलीतील वाइनमध्ये ग्रनाशसारखे फिक्या रंगाचे द्राक्ष असूनही पेल्याच्या मध्यातून पलीकडची अक्षरे दिसत नव्हती, त्याला सिराइतकेच हेही कारण असावे.

पाऊस हा या गोष्टीतला सर्वांत नवलाचा भाग, आणि महाराष्ट्रातल्या माणसाला तो चटकन समजावा. अॅरिझोनात उन्हाळी पाऊस येतो आणि त्याला तेथेही मॉन्सूनच म्हणतात. तेथील हवामान खाते १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा अधिकृत काळ मानते. आपल्याकडच्यासारखी संततधार नसते, दुपारी ढग चढतात आणि वादळी सरी, कधी गारा येतात. आपल्या नाशिककडच्या बागायतदारांनी पावसावर छाटणीने मात केली आहे. एप्रिलमध्ये फांद्या वाढवण्यासाठी खरड छाटणी, पाऊस ओसरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च या कोरड्या, थंड दिवसांत. वेलीचे वर्षच त्यांनी फिरवून घेतले. विलकॉक्सच्या शेतकऱ्याला ही सोय नाही. तेथील हिवाळा कडक, वेल झोपी जाते, मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात तेव्हा उशिराच्या हिमाची भीती, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरण्याच्या, म्हणजे ते मऊ होऊन पिकू लागण्याच्या, नेमक्या नाजूक वेळी पाऊस व गारपीट. त्यातून सुटका झाली की सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरत असताना तोडणी. मी पिंपळगाव आणि दिंडोरी भागातील द्राक्ष उत्पादकांबरोबर बसून जेव्हा अॅरिझोनाची एखादी वाइन चाखते, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न चवीचा नसतो, भुरी आणि डावणी या वेलीवरच्या बुरशीच्या रोगांचा असतो. तो प्रश्न मला फार योग्य वाटतो.

तीन द्राक्षांच्या ब्लेंडचे मर्म येथेच आहे. सिरा, ग्रनाश आणि मूर्वेद्र हे त्रिकूट मूळचे फ्रान्समधील दक्षिण ऱ्होन खोऱ्यातले. शातोनफ-द्यु-पाप या गावाच्या वाइनमध्ये तर तेरा जातींच्या द्राक्षांना परवानगी आहे. ग्रनाश अंगाने भरलेली, लाल फळांच्या वासाची, पण रंगाला फिकी आणि हवेने चटकन उतरणारी. सिरा रंग आणि मिरीचा वास देते. मूर्वेद्र उशिरा पिकते, टॅनिनने कणखर असते, हवेपासून वाइनचे रक्षण करते आणि तिला एक कातड्याचा, भाजलेल्या मटणाचा वास असतो. वाळवंटात या रचनेला आणखी एक अर्थ येतो. तीन जाती तीन वेगळ्या वेळी फुटतात आणि पिकतात. हिमाने एकीचे डोळे जळाले, गारपिटीने दुसरीचे घड फुटले, तरी तिसरी हाती लागते. त्यामुळे तेथील ब्लेंडचे प्रमाण दरवर्षी बदलते, आणि आपल्या बाटलीच्या मागे २०१९ साली सिरा निम्म्याहून अधिक असल्याचे छापले आहे म्हणून २०२१ चीही तशीच असेल असे गृहीत धरू नये.

आपल्या पाहुण्यांना वाळवंटातील वाइन हा एखाद्या श्रीमंत माणसाचा लहरी छंद वाटला, म्हणून थोडा इतिहास सांगते. टूसॉनच्या अॅरिझोना विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ गॉर्डन डट यांनी १९७० च्या दशकात तेथे प्रायोगिक लागवड केली आणि १९८३ साली सोनोइटा व्हिनयार्ड्स ही वायनरी उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १९८४ साली, सोनोइटाला द्राक्षप्रदेश म्हणून अमेरिकी सरकारची मान्यता मिळाली. विलकॉक्सला २०१६ साली आणि अॅरिझोनातल्याच व्हर्डे खोऱ्याला २०२१ साली. भाच्याने ज्या गायकाच्या वायनरीचा उल्लेख केला होता ती कॅड्युसियस. टूल या रॉक बँडचे गायक मेनार्ड जेम्स कीनन यांनी ती व्हर्डे खोऱ्याच्या वरच्या डोंगरावर, जेरोम या तांब्याच्या खाणींच्या जुन्या गावात उभी केली. सुरुवात मृदाशास्त्रज्ञाने केली आणि पुढे गायकही त्यात मनापासून उतरला. हे चाळीस वर्षांहून अधिक काळचे सलग काम आहे. आपल्याकडे नाशिकची सुला ही वायनरी सुरू झाली १९९९ साली, आणि तेव्हाही नाशिकच्या उन्हात वाइन कशी होणार, असे विचारणारे पुष्कळ होते.

आपली बाटली ज्या वायनरीची आहे तिची रीत मात्र खरोखर वेगळी आहे. भाच्याने काढलेल्या छायाचित्रांत दिसते ते शेतमालाचे जुने पत्र्याचे गोदाम. आंबवण्यासाठी विकतचे यीस्ट न वापरता सालीवरचेच यीस्ट. मुरवण्यासाठी जुनी, अनेकदा वापरलेली ओकची पिंपे. आणि बाटलीत भरताना गाळणी नाही. या प्रत्येक निर्णयाची खूण पेल्यात सापडते. ओकचे पीप तीन-चार वेळा वापरले की ते स्वतःचा वास जवळजवळ देत नाही, म्हणून आपल्याला व्हॅनिला किंवा नारळाचा वास आला नाही. गाळलेली नसल्यामुळे तळाशी गाळ होता, म्हणून मी सकाळपासून बाटली उभी ठेवायला सांगितले होते. सालीवरच्या यीस्टने आंबवलेल्या वाइनमध्ये कधी किंचित व्हिनेगरची धार किंवा तबेल्याचा वास येतो. थोडा असेल तर मला तो खटकत नाही. फळाच्या वासाला झाकू लागला की मी त्याला दोषच म्हणते, वायनरी कितीही आवडती असो. आपल्या बाटलीत व्हिनेगरची धार अगदी पुसट होती आणि तबेल्याचा वास नव्हता.

आता त्या संध्याकाळचे क्रमाने सांगते, कारण त्यातच चाखण्याची पद्धत आली. फ्रिजमधून काढलेली बाटली मी तासभर बाहेर ठेवली आणि १५ अंशांवर ओतली. पेल्यात ती पाच-सात मिनिटांत १७ वर आली. आपल्या घरी तापमापक नसेल तर उलटी रीत करावी: बाहेर असलेली बाटली पाणी आणि बर्फ भरलेल्या बादलीत दहा मिनिटे ठेवावी. नुसता बर्फ नको, कारण पाण्यावाचून तो बाटलीला सगळीकडून लागत नाही. मुंबईच्या दमट हवेत पेल्याला बाहेरून दव धरते, ते सुती फडक्याने पुसल्याशिवाय रंग नीट दिसत नाही. पावसाची पहिली जोरदार सर नुकतीच येऊन गेली होती आणि खिडकीतून भिजलेल्या मातीचा वास येत होता, म्हणून मी खिडकी लावली. वहिनींनी केसांतला मोगऱ्याचा गजरा काढून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला, ते मी सांगण्यापूर्वी त्यांनाच सुचले. शेजारच्या घरातील फोडणीचे मात्र काही करता आले नाही, आणि ती विरेपर्यंत आपण पहिला वास घेतला नाही. हे सगळे अवडंबर वाटू शकेल. पण वाइनमधले वास इतके हलके असतात की एका उदबत्तीने तासभराचे काम वाया जाते.

पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरला तेव्हा मध्यभागी पिकलेल्या जांभळाच्या रसाचा रंग होता आणि कडेला विटकरी छटेची बारीक रेघ. सहा वर्षांच्या वाइनला ही छटा शोभणारी आहे. पेल्याच्या भिंतीवरून सावकाश ओघळणाऱ्या थेंबांना आपण दर्जाची खूण समजत होतात. ते मुख्यतः मद्यार्काचे प्रमाण सांगतात, दर्जाचे काहीही सांगत नाहीत.

पहिला वास पेला न हलवता घ्यावा. त्यात आपल्याला नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास आला आणि आपण पेला दूर केलात. मूर्वेद्र आणि सिरा या दोन्ही द्राक्षांत गंधकाची संयुगे अशी कोंडून राहतात आणि हवा लागली की बहुधा निघून जातात. म्हणून मी अर्धी वाइन डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या रुंद काचपात्रात, ओतली आणि अर्धी बाटलीतच ठेवली. वीस मिनिटांनी डिकँटरमधील वाइनचा काडीचा वास गेला होता आणि खाली करवंद, काळे जांभूळ, सुकवलेले कोकम, थोडे दगडफूल आणि नव्या चपलेचे कातडे असे एकेक वास मोकळे झाले. मी विद्यार्थ्यांना ब्लॅकबेरी आणि कॅसिस ही परदेशी फळांची नावे पाठ करू देत नाही. ज्याने कॅसिस कधी हुंगलेही नाही त्याने तो शब्द लिहिला, तर त्याने स्वतःच्या नाकाशी बोलणे बंद केले असे समजावे. आपल्या नाकाला करवंद ठाऊक आहे, आमसूल ठाऊक आहे, गरम मसाल्याच्या डब्याचे झाकण उघडल्यावर येणारा एकत्र वास ठाऊक आहे. त्या शब्दांत लिहिलेली नोंद सहा महिन्यांनी वाचली तरी वाइन पुन्हा समोर उभी राहते.

त्यानंतर मिरीवरून आपल्यात आणि वहिनींत मतभेद झाला. वहिनींना पहिल्याच वासात ताजी कुटलेली काळी मिरी स्पष्ट आली. आपल्याला तीन वेळा हुंगूनही आली नाही आणि वहिनी सुचवल्यामुळे म्हणत आहेत असे आपल्याला वाटले. वहिनींचे म्हणणे बरोबर होते आणि आपलेही खरे होते. सिरामधील मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा असतो, काळ्या मिरीतही तेच असते, आणि ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ते २००८ साली ओळखले. त्याच संशोधनात असे दिसले की साधारण पाच माणसांतील एकाला हा वास मोठ्या प्रमाणात दिला तरी येत नाही. माझ्या वर्गातही दरवेळी दोघे-तिघे तरी असे निघतात, आणि त्यात उत्तम नाकाची माणसेही असतात. आपण पुढच्या वेळी वहिनींचे नाक विश्वासाने उसने घ्यावे. या मिरीला आणखी एक महत्त्व आहे. रोटंडोन थंड, सावलीतल्या घडांत अधिक तयार होते आणि मणी फार तापले की कमी पडते. वाळवंटातील सिराला मिरीचा वास येणे म्हणजे शेतकऱ्याने घडांवर पानांची सावली नीट राखली आणि रात्रीने साथ दिली, असा माझा अर्थ आहे. ती रात्र आम्हाला प्रथम तेथे सापडली.

चवीत ती पुन्हा सापडली. पहिला घोट गोडसर भासला, पण त्यात साखर जवळजवळ नव्हती. मद्यार्क जिभेला गोड लागतो. लगेच मागून जिभेच्या कडांना कोकमाच्या सारासारखे पाणी सुटले, आणि शेवटी हिरड्यांवर सुपारीच्या तुकड्याइतका तुरटपणा राहिला. तो तुरटपणा बारीक होता, घशाला ओरखडणारा नव्हता. आंबटपणा चवीत मिसळलेला आहे की वेगळा पडलेला, हे येथे नीट पाहावे. उष्ण प्रदेशांत आंबवताना टार्टारिक आम्ल घालणे अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडेही मान्य आहे आणि त्यात गैर काही नाही. पण हात सढळ पडला तर ते आम्ल घोटाच्या शेवटी लिंबाच्या फोडीसारखे एकटे उभे राहते. या वाइनमध्ये तसे झालेले नव्हते. आपल्याला शेवटी किंचित खारट वाटले, आणि तो वाळवंटातील मातीचा गुण असावा असे आपण म्हणालात. वेल मातीची चव जशीच्या तशी उचलून पेल्यात आणून ठेवत नाही. सिंचनाचे पाणी किंवा जमीन खारी असेल तर मीठ मण्यांत उतरू शकते, हे मात्र खरे. या बाटलीत तेच झाले आहे असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. खारट छटा मलाही जाणवली, एवढे नोंदवते.

मला एकच कमतरता वाटली. १९ अंशांच्या पुढे वाइन गेली की मद्यार्क पुन्हा वर येतो आणि घोटाचा शेवट तापतो. १४.८ हा आकडाही काटेकोर समजू नये. चौदा टक्क्यांच्या वरच्या वाइनला अमेरिकी लेबलवर एका टक्क्याच्या फरकाची मुभा आहे. माझ्या मते ती द्राक्षे चार दिवस आधी तोडली असती तर वाइन अधिक सुरेख झाली असती. पण पाऊस डोक्यावर होता की नव्हता हे मला येथे बसून सांगता येत नाही, आणि शेतकऱ्याला तोडणीचा दिवस ठरवताना काय वाटते हे मी नाशिकला पाहिले आहे.

खाण्याचे थोडक्यात. आपण पहिल्या बाटलीबरोबर सुरमईचे तिखट कालवण ठेवले होतेत, आणि त्यानेही घात केला. मिरचीचा तिखटपणा आणि अधिक मद्यार्क एकमेकांची आग वाढवतात. शिवाय लाल वाइनमधील लोहामुळे मासळीबरोबर तोंडात मासळीचीच उग्र, वशाट चव उरते. जपानी संशोधकांनी २००९ साली ते लोहाचे प्रमाण कमी-जास्त करून दाखवले. दादरला आपण खाल्ले ते सुके मटण, खोबरे भाजून आणि मिरची बेताची, आणि बरोबर शेंगदाण्याच्या कुटातील भरली वांगी. वांग्याबरोबर वाइन मटणापेक्षाही चांगली लागली, हे वहिनींचे मत मला मान्य आहे. दाण्याच्या स्निग्धपणाने टॅनिन मऊ झाले.

तुलनेसाठी काय घ्यावे, असेही आपण विचारले होते. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या फ्रातेल्ली या वायनरीची सेत्ते ही वाइन घ्यावी. तीही लाल ब्लेंडच, कॅबर्ने सोविन्यों आणि सांजोवेसे या द्राक्षांची, आणि तो भागही कमी पावसाचा, उन्हाचा. दुसरी घ्यावी ती बंगळूरजवळच्या नंदी हिल्समधील ग्रोव्हर या वायनरीची ला रिझर्व्ह, कॅबर्ने आणि शिराझची. शिराझ म्हणजेच सिरा. दोन्ही १७ अंशांवर, शेजारी शेजारी, लेबल झाकून चाखाव्यात आणि वरचे तीन प्रश्न विचारावेत. भाच्याला पुन्हा आणायला सांगाल तेव्हा लेबलवर विलकॉक्स हा प्रदेश लिहिलेला आहे का ते पाहायला सांगा, कारण तसे लिहायचे तर किमान ८५ टक्के द्राक्षे तेथील असावी लागतात. नुसते अॅरिझोना लिहिले असेल तर ७५ टक्के पुरतात. आणि शक्य झाले तर त्याच वायनरीची निव्वळ मूर्वेद्रची बाटली मागवा. ब्लेंडमध्ये तिचा वाटा सर्वांत लहान होता, तरी घोटाचा शेवट तिनेच सावरून धरला होता, असे मला वाटते.

बाटलीत राहिलेली पाव वाइन मी त्या रात्री एका लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा चाखली. काडीचा वास पूर्ण गेला होता, करवंद अजून ताजे होते, आणि मिरी आदल्या दिवसापेक्षा स्पष्ट होती. तिसऱ्या दिवशी फळ उतरू लागले.